चौदा ग्रॅमचा हात

माझं काम मोजण्याचं आहे. मांजरसुंब्याच्या चौकातून बाहेर पडलं की ढाब्यांची रांग लागते, आणि ती संपली की आमचं संशोधन केंद्र येतं. बाहेरून बघणाऱ्याला ते पोल्ट्री वाटतं. आत दुहेरी दाराचं, बारीक जाळीचं पॉलिहाऊस आहे आणि त्यात प्रयोगशाळेत जनुकं बदललेली झाडं असतात. असलं झाड बाहेर जाता कामा नये आणि हरवताही कामा नये, असा नियम आहे. म्हणून रोज सकाळी सगळी झाडं मोजायची आणि रजिस्टरमध्ये आकडा टाकून सही करायची. अकरा वर्षं ती सही माझी आहे, धोंडीरामची.

मोजण्यात काय एवढं, असं आमच्या ऑफिसातल्या अभिमन्यूला वाटतं. तो दारात उभा राहून पेन हवेत नाचवतो, रांगांना झाडांनी गुणतो आणि मोकळा होतो. याला मी मोजणं म्हणत नाही, अंदाज म्हणतो. माझ्या वडिलांकडे साठ शेळ्या होत्या. दिवेलागणीच्या आधी ते काटेरी कुंपणाच्या वाडग्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक शेळीच्या पाठीवर हात ठेवून आकडा बोलायचे. नुसत्या नजरेनं मोजलं की एखादी चुकार शेळी दोनदा मोजली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. मीही तसाच मोजतो. हात साबणानं धुवायचे, हातमोजे घालायचे आणि एकेका झाडाच्या शेंड्यावर हात ठेवत पुढे सरकायचं. अकरा वर्षांत माझा आकडा एकदाही चुकलेला नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

त्या वर्षी झाडं तंबाखूची होती. ती प्रयोगाला सोपी पडतात म्हणे. माझ्या हाती तंबाखूची राखण आली म्हणून गावात लोक महिनाभर हसत होते. त्यांना पुढचं माहीत नव्हतं. तंबाखू खाणाऱ्याच्या हातातून या झाडांना रोग लागतो, म्हणून प्रयोग करणाऱ्या पौर्णिमा मॅडमनी पहिल्याच दिवशी माझी चंची दाराबाहेर ठेवायला लावली. दिवसभर ती बाहेर आणि माझा जीव तिच्यात. असं तीन महिने चाललं आणि माझी सवय सुटली. तंबाखूच्या झाडांपायी तंबाखू सोडलेला बीड जिल्ह्यात मी एकटाच असेन.

पौर्णिमा मॅडम मूळच्या युसूफ वडगावच्या. बुद्धपौर्णिमेला जन्मल्या म्हणून हे नाव. वडील सर्जेराव गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, पण मुलीचा अभ्यास घेणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि त्यांना प्रयोगाचा निकाल हवा असतो. मॅडम पुण्यात शिकल्या, हैदराबादला शिकल्या आणि मग आमच्याकडे आल्या. एवढं शिकून परत बीड जिल्ह्यात कावून आलात, असं मी एकदा विचारलं होतं.

"कापूस हितं हाय, काका," त्या म्हणाल्या. ऑफिसात त्या पुस्तकातलं बोलतात, माझ्याशी मात्र घरचं.

त्यांचं काम काय ते मला समजायला दोन चहा लागले. "जीन म्हणजे ऊसतोडीचा मजूर समजा," त्या म्हणाल्या. "कामाला तयार, पर बोलावल्याबिगर उठत न्हाई. त्याच्या म्होरं एक तुकडा असतो, त्यो मुकादम. त्याला आमी प्रमोटर म्हणतो. त्यानं हाळी दिली की मजूर उठतो."

"मग अडचण काय हाय?"

"नेहमीचा मुकादम रातंदिस वरडत बसतो. मुळात, खोडात, पानात, सगळीकडं. कीड असो का नसो, मजूर आपला राबतोय. झाडाची ताकद फुकट जाते. मला असा मुकादम बनवायचाय, की अळीनं पान चावलं की तितंच आन तवाच हाळी देईल. बाकी येळंला गप."

वेळेवर गप्प बसणारा मुकादम मी आमच्या तालुक्यात तरी पाहिलेला नाही. पण त्यांना मी तसं बोललो नाही.

असा मुकादम त्यांनी तीन वर्षं खपून जुळवला होता. तो नीट वागतो का हे बघायला मजुराच्या हाती त्यांनी निळीचा डबा दिला होता. म्हणजे असं, की पान तोडून औषधात भिजवायचं, मग स्पिरिटमध्ये घालून त्याचा हिरवा रंग काढून टाकायचा. मुकादमानं जिथं हाळी दिली असेल तिथं पान निळं दिसतं, नाहीतर कागदासारखं पांढरं. काचेच्या बरणीतल्या रोपांनी शहाण्यासारखं केलं होतं. अळीच्या चाव्याऐवजी सुई टोचली तिथं निळा ठिपका, न टोचलेलं पान पांढरं. मग एकशे वीस रोपं पॉलिहाऊसमध्ये आली. साठांना सुई टोचायची, साठांना नाही.

पहिली पानं काढली आणि सगळी निळी निघाली. टोचलेली तर निळी होणारच होती. न टोचलेलीही शेंड्यापासून देठापर्यंत निळी होती.

मॅडमनी ती पानं उजेडात धरली. "आमच्या घरी निळा रंग दिसला की बरं वाटतं, काका," त्या म्हणाल्या. "हितं मातर नगं वाटतोय."

दीड महिन्यानं समिती यायची होती. समितीचे प्रमुख विजयसिंह सर फोनवर स्पष्टच म्हणाले होते, की गप्प बसता येत नसेल तर तो प्रमोटर कामाचा नाही. तोवर न टोचलेली झाडं पांढरी निघाली नाहीत तर प्रकल्प बंद आणि तीन वर्षांचं काम कपाटात. मॅडमनी पाणी बदललं. दिवे वर घेतले. जाळीला कुठं भोक आहे का म्हणून इंच इंच तपासली. भिंग घेऊन पानांच्या मागे कीड शोधली. एक कोळीसुद्धा सापडला नाही.

मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांचा जेवणाचा डबा न उघडताच घरी जायचा. आपणही काहीतरी केलं पाहिजे, असं मला फार वाटायला लागलं. म्हणून मी सकाळबरोबर संध्याकाळीही मोजायला सुरुवात केली. पुढच्या खेपेला पानं आणखी गडद निळी आली.

त्यातच पालीला माझ्या साडूच्या मुलीचं लग्न आलं. आठ दिवसांची रजा घेतली आणि जड मनानं रजिस्टर अभिमन्यूच्या ताब्यात दिलं. परत आलो तेव्हा मॅडम दारातच पेढे घेऊन उभ्या होत्या. न टोचलेल्या झाडांची नवी फुटलेली पानं स्वच्छ पांढरी निघाली होती. खत बदललं त्याचा गुण आला, असं त्या म्हणत होत्या. मी दोन पेढे खाल्ले. खरं सांगायचं तर मला थोडं लागलंच. आपण नसताना सगळं सुरळीत होतं, ही गोष्ट कुणालाही आवडत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दुप्पट मन लावून कामाला लागलो.

सहाव्या दिवशी पानं परत निळी झाली.

समितीला सोळा दिवस उरले होते. मॅडम पॉलिहाऊसमध्ये उलट्या क्रेटवर बसल्या होत्या, हातात पानांची बशी. "आता काय दाखवू मी त्यांना?" त्या म्हणाल्या. बघत माझ्याकडे होत्या, पण प्रश्न मला नव्हता.

मला माझ्या रागाला जागा पाहिजे होती आणि ती मला चांगली ठाऊक होती. "ह्या समद्याला अभिमन्यू कारण हाय," मी म्हणालो. "आठ दिस त्यानं मोजलंच न्हाई. दारातनं बगायचा आन सही ठोकायचा. एका बी झाडाला हात लावला न्हाई त्यानं. झाडं बिगडतील न्हाई तर काय करतील."

मॅडमनी मान वर केली. "हात लावला न्हाई?"

"इचारा की त्याला."

त्यांनी खरंच अभिमन्यूला बोलावलं. तो बिचारा कान पकडायच्या बेतानंच आला. "खरं हाय मॅडम," तो म्हणाला. "दारातनंच मोजत होतो. पुन्हा न्हाई व्हणार असं."

"थांब तू," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काका, तुमी कसं मोजता?"

अकरा वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी अभिमन्यूकडे एकदा बघून घेतलं. हात धुतले, हातमोजे चढवले आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. प्रत्येक शेंड्यावर तळवा ठेवायचा, आकडा बोलायचा, पुढे. त्याला नीट दिसावं म्हणून मी जरा सावकाशच मोजत होतो.

"दाबता का?" मॅडमनी विचारलं.

"दाबायचं कशाला? ठिवायचा नुसता."

"रोज?"

"रोज. ह्या महिन्यात तर दोनदा."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग झाडाकडे, मग परत हाताकडे. मला कळायला आणखी चार झाडं जावी लागली. सत्ताविसाव्या झाडावर हात तसाच राहिला आणि अठ्ठावीस हा आकडा तोंडातून बाहेर येईना. मी रजेवर गेलो की पांढरं, मी आलो की निळं. दोनदा मोजलं की दुप्पट निळं. किड्याला महिनाभर शोधत होतो, आणि तो हातमोजे घालून रोज सकाळी दारातून आत येत होता.

मला इतकी लाज वाटली की अभिमन्यू हसत असता तरी चाललं असतं. तो हसत नव्हता, त्यामुळे जास्तच वाटली.

"मॅडम, मी सोता समितीला सांगतो," मी म्हणालो. "चूक माजी हाय. पायजे तर मला काढून टाका, पर तुमचं काम बंद पडू देऊ नका."

त्या आधी हसल्या. मग डोळे पुसले. मग परत हसल्या. "काका, मोजा म्हणून आमीच सांगितलं. कसं मोजायचं ते कोण बोललं होतं का? झाडाला हात लागलेला कळतो, हे मी पुस्तकात वाचलंय. परीक्षेत लिहून मार्क बी घेतलेत." त्या एका झाडापाशी वाकल्या. "उंची बगा ह्यांची. कवापासून म्हणतेय, झाडं बुटकी कावून राहिली. रोज हात लागलेलं झाड उंच जात न्हाई, जाड होतं. डोळ्यांसमोर होतं आन मी खत बदलत बसले."

माफ केल्यासारखं त्या काही बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या मते माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मला मात्र त्यानंतर तीन दिवस जेवण गोड लागलं नाही.

नुसतं आपल्याला कळून भागणार नव्हतं, समितीला पटायला पाहिजे होतं. मॅडमनी न टोचलेल्यांतली चाळीस झाडं निवडली. विसांना मी रोज हात लावायचा, विसांना कोणीच नाही. हात किती जोरानं लागतो ते कागदावर लिहावं लागतं, म्हणून मला प्रयोगशाळेतल्या वजनकाट्यापाशी नेलं आणि झाडावर ठेवतो तसाच तळवा काट्यावर ठेवायला लावला. दहा वेळा ठेवला. सरासरी चौदा ग्रॅम आली. अभिमन्यूनं ती गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या केंद्रात पोचवली आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्या घरी.

माझी बायको तुळजाबाई भाकरी थापत होती. "चौदा ग्रॅम म्हणं," ती म्हणाली. "मग दार आपटताना कुटं जातो त्यो चौदा ग्रॅम?"

मी हात धुवायला गेलो.

"आन तीस वर्सांत माज्या डोक्यावर कदी ठिवला न्हाई त्यो. मी पण तंबाकूच व्हायला पायजे होते."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

समिती आली. विजयसिंह सर उंच, पांढऱ्या सफारीतले, आत आल्या आल्या त्यांनी एका पानाकडे हात नेला. "सर, हात लावू नका," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनी हात मागे घेतला आणि मॅडमनी सगळं सांगितलं, शेळ्यांपासून चौदा ग्रॅमपर्यंत. टेबलावर पानांच्या दोन बशा ठेवल्या. माझ्या हाताखालची वीस निळी. हात न लावलेली वीस पांढरी.

सरांनी दोन्ही बशांतली पानं उलटसुलट करून पाहिली. मग खिडकीकडे गेले. आमच्या बाजूच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत आणि त्या दिवशी सगळ्या गरगर फिरत होत्या. "पौर्णिमा, तुझा प्रमोटर बरोबर वागतो हे मला पटलं," ते म्हणाले. "पण शेतात हा वारा आहे. पानावर पान घासणार, गुरांचा धक्का लागणार, खुरपणाऱ्या बायांचे हात लागणार. हा तिथं दिवसभर ओरडतच बसेल. मग याच्यात आणि जुन्यात फरक काय राहिला?"

बोलणं खरं होतं. मला वाटलं, संपलं. आपल्यामुळे काम बिघडलं आणि चूक सुधारूनही उपयोग झाला नाही.

मॅडम मात्र याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. "सर, प्रमोटर म्हणजे एकच कान नाही," त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "लांब तुकडा आहे, त्यात वेगवेगळे भाग आहेत. स्पर्श ऐकणारा भाग वेगळा आणि जखम ऐकणारा वेगळा असावा, असा माझा अंदाज आहे. मी एका टोकाकडून तो थोडा थोडा कापत जाईन. पाच तुकडे करीन, एकापेक्षा एक आखूड. त्यातला एखादा तरी फक्त जखमेला जागेल."

"आणि स्पर्शाची चाचणी कशानं करशील? त्यासाठी यंत्र लागतं."

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे आहे, सर. दहा वेळा मोजलेलं आहे."

समितीनं एक वर्ष दिलं.

पुढचे आठ महिने मी कुणाशी नीट बोललो नसेन. पाच आखूड मुकादम, प्रत्येकाची वीस झाडं. त्यातल्या दहांना रोज सकाळी माझा हात, दहांना नाही. बाकीची मोजणी मी आता दोन्ही हात पाठीमागे बांधून, नजरेनं करत होतो. लुगड्यातल्या पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यासारखा मी रांगेतून चालायचो, हे अभिमन्यूचं म्हणणं. प्रत्येक खेपेला दोनदा मोजत होतो आणि तरी मला माझ्याच आकड्याचा भरवसा वाटत नव्हता.

पंधरा दिवस हात लावून झाले की पानं काढायची, मग सुई टोचायची आणि परत पानं काढायची. पहिला मुकादम हाताखाली निळा. दुसराही निळा, जरासा फिका. चौथा आणि पाचवा जास्तच कापले गेले होते. माझ्या हातालाही जागे झाले नाहीत आणि सुईलाही नाहीत, ठार बहिरे.

तिसऱ्याची पानं मॅडमनी शेवटी काढली. माझ्या हाताखालची दहा पांढरी होती. सुई टोचलेल्या पानावर, जिथं टोचली बरोबर तिथं, एक निळा ठिपका होता. त्याच्या बाजूला पांढरं. दुसऱ्या पानावर तसंच, तिसऱ्यावर तसंच. मॅडमनी सगळी पानं बघितली आणि मग रविवार नसताना गुरुजींना फोन लावला. "बाबा, जिथं पायजे तितंच निळं," एवढंच त्या बोलल्या आणि फोन कानापासून लांब धरला. पलीकडून गुरुजी मोठ्यानं काहीतरी विचारत होते. बहुतेक पुढच्या वर्षी कापसात कधी घालणार ते.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण आत कुठंतरी खट्टूही वाटत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पन्नास-पंचावन्न वर्षांचा माणूस आणि तंबाखूच्या झाडानं ओळख दिली नाही म्हणून तोंड पाडून बसलेला, असं सांगणार कसं?

प्रयोग संपला की ही झाडं ठेवत नाहीत. वाफेच्या मोठ्या टाकीत घालून मारायची आणि मग खड्ड्यात पुरायची, असा नियम आहे. त्याआधीही मोजावी लागतात. त्या सकाळी मी हात पाठीमागे घेऊन तिसऱ्या मुकादमाच्या रांगेपाशी उभा राहिलो.

"काय झालं, काका?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाई. चांगलं झालं की. आपल्याला ह्येच पायजे होतं." मग राहवेना म्हणून बोललो. "आता ह्यांना माजा हात कळत न्हाई, येवडंच."

मॅडमनी मोजपट्टी आणली. हात न लावलेल्या दहा झाडांची उंची मला वाचायला लावली, मग मी हात लावलेल्या दहांची. माझी सगळी चार चार बोटं बुटकी होती आणि खोडानं जाड.

"झाडाला कळतंय," त्या म्हणाल्या. "कळणारच. फकस्त मुकादमाला कळत न्हाई. त्याच्या कामाचं न्हाई ना ते." आणि मग, ऑफिसातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "आज हात लावून मोजा. आज चालतं."

मी हात धुतले, हातमोजे घातले. एक, दोन, तीन. घाई केली नाही. वीस भरली. रजिस्टरमध्ये आकडा टाकला, सही केली.

संध्याकाळी घरी गेलो तर तुळजाबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. मी आत जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं वर बघितलं.

"काय मोजताय?" ती म्हणाली.

"एक," मी म्हणालो आणि हात तसाच राहू दिला.